दहा ठिपके

मंगली सिडाम गडचांदूरला अकरावी सायन्सला होती, त्या वर्षीच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. जिवती तालुका तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. मंगलीचं गाव मोहागुडा त्याच तालुक्यात, डोंगरावर. घरं बहुतेक गोंडांची, काही नांदेडकडून येऊन वसलेल्या लोकांची, त्यामुळे घरात गोंडी आणि चार लोकांत मराठी असा गावाचा रिवाज होता. मंगलीच्या आधी सायन्सला गेलेला गावातला एकच पोरगा दिवाळीत घरी आला तो परत गेलाच नाही. मंगलीचंही तसंच होणार, असं गाव धरून चाललं होतं.

तिलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. आश्रमशाळेत दहावीपर्यंत सगळं मराठीत झालेलं, इथं पुस्तक इंग्रजी. फिजिक्सच्या तासाला ती नुसती फळ्यावरचं उतरवून घ्यायची. केमिस्ट्रीचं मात्र वेगळं होतं. तिथं हाजरा शेख मॅडम होत्या. बल्लारपूरहून रोज एस्टीने यायच्या, डोक्यावरची ओढणी सारखी करत थेट फळ्याकडे जायच्या. त्यांचं म्हणणं एकच होतं: पाठ करू नका, मोजा. कोणत्या अणूजवळ बाहेरच्या कक्षेत किती इलेक्ट्रॉन आहेत ते मोजा, तेवढे ठिपके मांडा आणि भागीदारी झाल्यावर प्रत्येकाचे आठ भरतात का ते पाहा. हायड्रोजनला तेवढे दोन पुरतात. मोजायला इंग्रजी लागत नाही, असं त्या पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या. मंगलीनं पाणी मोजलं, अमोनिया मोजला, मिथेन मोजला. सगळं जमलं.

कार्बन मोनॉक्साइडला ती अडली. कार्बनचे चार ठिपके, ऑक्सिजनचे सहा. दोघांनी दोन-दोन भागीत टाकले की ऑक्सिजनचे आठ भरायचे, पण कार्बनचे सहाच राहायचे. तिनं खोडून पुन्हा मांडलं, मग हात वर केला आणि म्हणाली की हे जमत नाही. मागचे पोट्टे हसले. मॅडम हसल्या नाहीत. नाहीच जमत, त्या म्हणाल्या. म्हणून ऑक्सिजन आपल्या पदरची अजून एक जोडी भागीत टाकतो. जोडी त्याची एकट्याची, पण वापरायची दोघांनी. मग मधोमध तीन जोड्या होतात आणि दोन्ही टोकांना एकेक जोडी मोकळी उरते. एकूण दहा ठिपके, आणि दोघांचेही आठ पुरे.

"ही कार्बनवरची मोकळी जोडी पाहून ठेवा," मॅडमनी खडूनं तिथं गोल केला. "माणसाचा जीव जातो तो हिच्यामुळे."

आणि त्यांनी सांगितलं ते असं. आपल्या रक्तात लोह असतं. श्वासातला ऑक्सिजन त्याच्यावर बसतो आणि शरीरात जिथं गरज असेल तिथं उतरतो. पण कोळसा बंद खोलीत जळला की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. कार्बन आपल्या या मोकळ्या जोडीनं लोहाला धरतो, आणि इतकं घट्ट धरतो की लवकर सोडत नाही. ऑक्सिजनला बसायला जागाच राहत नाही. माणूस श्वास घेत असतो, पण आतून गुदमरत असतो. अशा माणसाचं रक्त लालभडक होतं, मेल्यावरही ओठ-नखं लाल राहतात, हे सांगून मॅडमनी फळा पुसला आणि हजेरी घेतली.

डिसेंबरात थंडीची लाट आली. एका सकाळी जिवतीकडून येणाऱ्या जीपवाल्यानं वसतिगृहात निरोप आणून दिला. मंगलीचा काका डोमा आणि त्याचा दीड वर्षाचा पोरगा रात्रीतून गेले होते.

ती पोचली तेव्हा माती देऊन झाली होती. आईनं तिला सगळं सांगितलं. डोमा राजुऱ्याकडे खाणीवर ट्रक भरायच्या कामाला होता. सुट्टीवर येताना पोतंभर दगडी कोळसा घेऊन आला, कारण पोराला खोकला होता आणि थंडी सोसत नव्हती. त्याच वर्षी त्याला सरकारी घरकुल मिळालं होतं. विटांच्या भिंती, वर स्लॅब, पत्र्याचं दार आणि एक खिडकी. खिडकीतून वारा येतो म्हणून तिच्यात बारदाना कोंबलेला. संध्याकाळी गुणाबाई येऊन पोराच्या छातीला तेल चोळून गेली. गुणाबाई गावची सुईण, एकटीच राहणारी म्हातारी. सकाळी शेजाऱ्यांनी दार ढकललं तर डोमा आणि पोरगा अंथरुणातच गार पडलेले, आणि डोमाची बायको भागीरथा दाराशी उंबऱ्यावर तोंड टेकून पडलेली. तिच्यात जीव होता. शुद्धीवर आली तेव्हा तिला एवढंच आठवत होतं की डोकं फार दुखत होतं आणि गुणाबाई येऊन गेल्यापासून पोरगा कुरकुरत होता.

"मेल्या माणसाचे ओठ काळे पडतात," आई हळूच म्हणाली. "डोमाचे लाल होते, मंगली. पोराचे बी. नखं बी लाल. जित्या माणसावानी. सारं गाव म्हणून राह्यलं का ही करणी आहे."

 मंगलीला फळ्यावरचा तो गोल दिसला. कोळसा घरात होता का, एवढंच तिनं विचारलं. होता, आई म्हणाली, घमेल्यात निखारे होते, पण धूर अजिबात नव्हता. भिंतीवर काजळीसुद्धा नाही. धुरानं मेले म्हणावं तर धूर कुठाय?

पोलीस पाटील लटारू आत्राम यांनी प्रेतं फाडायला तालुक्याला न्यावीत असं एकदा सुचवून पाहिलं होतं. मंगलीच्या बापानं, दसरूनं, ते होऊ दिलं नव्हतं. डोमा त्याचा पाठचा भाऊ. त्यानंच त्याला लहानाचा मोठा केला होता. मातीवरून परतताना तो चार लोकांना घेऊन गुणाबाईच्या घरी गेला आणि तिच्या दारात बाभळीच्या काट्यांच्या फांद्या रचून आला. तिला आत कोंडून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी बैठकीत काय ते ठरवायचं. गावाबाहेर काढायचं यावर बहुतेकांचं एकमत होतं. काही पोरं त्याहून जास्त बोलत होती.

मंगली आधी गुणाबाईकडे गेली. काट्यांच्या पलीकडे म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. मंगलीनं पाणी हवं का विचारलं तेव्हा तिनं लोटा आहे म्हणून सांगितलं. पळून जायचं असेल तर मागच्या कुडातून वाट काढून देते, असंही मंगली म्हणाली.

"काऊन पळू?" गुणाबाई म्हणाली. "म्या केलं असतं तं पळाली असती. ह्या गावातल्या अर्ध्या पोट्ट्यांची नाळ म्या कापली. तुही बी कापली. मी कुठी जात नाई. जाळाचं असंन तं जाळा म्हणा."

संध्याकाळी मंगलीनं बापाला सांगायचा प्रयत्न केला. दसरू शांत माणूस होता. तिला सायन्सला पाठवू नको असं भावकीनं सांगितलं तेव्हा त्यानं कोणाचं ऐकलं नव्हतं. पण त्या दिवशी तो तिच्याकडे बघतही नव्हता. कोळसा तो आयुष्यभर पाहत आला होता. रानात लाकूड जाळून त्यानं स्वतः कोळसा पाडला होता. कोळशानं माणूस मरत असता तर हा डोंगर कधीच ओस पडला असता, असं तो म्हणाला. मंगलीनं सांगितलं की जुनी घरं कुडाची होती, चारी बाजूंनी वारा खेळायचा, हे घर डब्यासारखं बंद आहे. त्यावर त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"माह्या भावानं हौसेनं घर घेतलं," तो म्हणाला. "त्या घरानं त्याले मारलं म्हणतं? उद्या बैठकीत तोंड उघडशीन तं माह्यी पोरगी नाई तू."

बैठक दुसऱ्या दिवशी दुपारी, डोमाच्या घरासमोरच्या मोहाच्या झाडाखाली भरली. गुणाबाईला काटे बाजूला करून आणलं होतं. तिला झाडाच्या पलीकडे, डोंगराकडे तोंड करून बसवलं होतं, म्हणजे कोणावर नजर टाकायला नको, आणि दोन पोरं तिच्यावर पहाऱ्याला उभी होती. लटारू पाटील मधे बसले होते. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांना गावात राहायचं होतं. आधी भावकीतले बोलले, मग पोरं बोलली. सूर्य बुडायच्या आत म्हातारीला शिवेपलीकडे नेऊन सोडायचं, आणि परत आली तर पुढचं पुढे, असं ठरत आलं होतं.

तेव्हा मंगली उठून मधे आली. बायका कडेला बसल्या होत्या, तिथून पोरगी उठून पुरुषांच्या मधे येते हेच आधी कोणाला कळेना. तिनं सांगितलं की काकाला आणि पोराला कोळशाच्या हवेनं मारलं. मग समजावून सांगावं म्हणून तिनं काडीनं जमिनीवर कार्बन आणि ऑक्सिजनची दोन अक्षरं काढली आणि मॅडमनी शिकवलं तसे ठिपके मांडायला लागली. तीन जोड्या मधे. एक जोडी या टोकाला, एक त्या टोकाला.

पुढे बसलेली माणसं मागे सरकली. तिला ते आधी लक्षात आलं नाही. मग कोणीतरी म्हणालं की ही काय मांडून राह्यली. गावचा पुजारी, भूमकसुद्धा दाण्यांची अशीच मांडणी करतो, पण तो देवासाठी करतो, ही कोणासाठी करते? एक पोरगा ओरडला की गुणाबाईनं हिला शिकवलं असेल, काल ही तिच्या दाराशी गेली होती, त्यानं स्वतः पाहिलं. बायकांमधून कोणीतरी आपल्या लेकराचे डोळे झाकले.

दसरू उठला. त्यानं पायानं ते ठिपके पुसून टाकले, अक्षरंही पुसली, आणि मंगलीचा दंड धरून तिला घराकडे ओढलं. तिनं हात सोडवून घेतला. बापाचा हात असा तिनं कधीच झटकला नव्हता. तो किंवा आणखी कोणी काही म्हणायच्या आत ती बोलली.

"सांगून तुमाले पटत नाई, तं करून दाखवतो. कोळसा आहे अजून पोत्यात. घमेलं तेच आहे, घर तेच आहे, खिडकीतला बारदाना बी तसाच आहे. मी आत बसतो. गुणाबाई इथीच राहीन, तुमच्या डोळ्यासमोर, पाठ करून. तिनं केलं असंन तं मले काहीच होनार नाई."

लटारू पाटलांनी लगेच नाही म्हटलं. काही झालं तर आपल्या गळ्यात येईल, असं ते स्पष्ट म्हणाले. पण पोरांना ते पटलं. त्यांना वाटलं पोरगी दोन मिनिटांत खोकत बाहेर येईल आणि तोंड बंद करेल. त्यांनीच पोत्यातला कोळसा काढला, बाहेर अंगणात पेटवला. सुरुवातीला पिवळा धूर निघाला, मग तो विरला आणि नुसते लाल निखारे राहिले. मंगलीनं फडक्यानं घमेलं उचललं.  आईनं एकदा हाक मारली. मंगलीनं बापाकडे पाहिलं. दसरू म्हणाला, "जाऊ दे तिले. येते आत्ता बाहेर."

तिनं दाराला आतून कडी लावली. दाराखालची फट ओढणीच्या बोळ्यानं बुजवली, कारण काकू त्या फटीजवळ पडली होती म्हणूनच जगली, हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं बापाला आतूनच सांगितलं की मी बोलत राहीन. मी बोलून राह्यली तोवर कोणी दार उघडायचं नाही.

दसरू दाराला पाठ लावून बसला. आतून तिचा आवाज यायला लागला. काय बोलायचं ते तिला सुचलं नसावं, म्हणून मघाशी पुसलेलंच ती बोलत होती. कार्बनचे चार, ऑक्सिजनचे सहा. दोन-दोन भागीत टाकले तं कार्बनले कमी पडते. म्हून ऑक्सिजन आपली एक जोडी अजून देते. मधे तीन जोड्या. दोन मोकळ्या. सारे मिळून दहा. मग पुन्हा पहिल्यापासून. अंगणातले लोक आधी ऐकत होते, मग आपसात बोलायला लागले. एकानं विडी पेटवली. गुणाबाई पलीकडे डोंगराकडे तोंड करून बसली होती, तिनं मान वळवली नाही.

आत मंगलीला पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. ऊब होती, बरं वाटत होतं. तिला भीती वाटली ती त्याचीच, की असंच बरं वाटत काकाला झोप लागली असेल. मग कपाळाच्या आत ठोके पडायला लागले. तिनं उभं राहून पाहिलं तर गुडघे जागेवर नव्हते. खाली बसली. दहापर्यंत पोचायचं, मग परत कार्बनवर यायचं, एवढं तिनं धरून ठेवलं होतं. दार तीन हातांवर होतं. कडी काढायचं तिच्या मनात आलं. मग गुणाबाईच्या दारातले काटे आले मनात, आणि ती जागची हलली नाही.

बाहेर मोहाची सावली ओट्यावर आली तेव्हा तिचा आवाज जड झाला. दसरूनं कान दाराला लावला. शब्दांत अंतर पडत होतं.

"ऑक्सिजनचे सहा," ती म्हणाली. बराच वेळ काही नाही. "कार्बनचे... कार्बनचे सहा..."

इतक्या वेळा ऐकून दसरूलाही ते पाठ झालं होतं.

"चार," तो दाराला तोंड लावून म्हणाला. "कार्बनचे चार, मंगली. मंगली, चार."

आतून काही आलं नाही.

तो उठला आणि त्यानं दारावर लाथ घातली. कोणीतरी म्हणालं थोडं थांबा, नाटक करत असेल. त्यानं वळूनही पाहिलं नाही. दुसऱ्या लाथेला कडी निखळली. मंगली भिंतीशी आडवी पडली होती. त्यानं तिला दोन्ही हातांवर उचलून अंगणात आणलं आणि मोकळ्या वाऱ्यात जमिनीवर ठेवलं. आई पदरानं वारा घालायला लागली. बराच वेळ मंगली नुसती श्वास घेत राहिली, मग कुशीवर वळून ओकली. डोळे उघडले तेव्हा तिला आधी बाप दिसला. तो तिच्यावर वाकून रडत होता.

तिला नीट बोलता येत नव्हतं. तरी तिनं विचारलं.

"बा, गुणाबाई तं तिथी बसून होती. साऱ्याईच्या समोर. मंग दार काऊन तोडलं तू?"

  लटारू पाटील उठून डोमाच्या घरात गेले. फडक्यानं घमेलं धरून बाहेर आणलं आणि निखाऱ्यांवर पाणी ओतलं. मग त्यांनी मोठ्यानं सांगितलं की बैठक संपली, आणि गुणाबाईला आता कोणी हात लावला तर त्याचं नाव ते स्वतः ठाण्यात देतील. हे त्यांनी आदल्या दिवशीच म्हणायला हवं होतं, हे त्यांनाही कळत असावं, कारण एवढं बोलून ते कोणाकडे न बघता निघून गेले.

दसरू गुणाबाईसमोर जाऊन उभा राहिला. माफी त्याला मागता आली नाही. तिच्या घरी जाऊन त्यानं दारातल्या काट्यांच्या फांद्या उघड्या हातांनी ओढून काढल्या आणि मागच्या नाल्यात फेकल्या. हात रक्ताळले. गुणाबाई मागून आली, उंबऱ्यावरून आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. 

गाव एका दिवसात बदललं नाही. काही घरांनी गुणाबाईला पुन्हा बोलावलं, काहींनी नाही. बैठकीत ओरडलेला पोरगा पुढे कितीतरी महिने सांगत फिरायचा की मंगलीनं आत श्वास रोखून धरला होता. मंगलीचं डोकं पुढचा आठवडाभर दुखत राहिलं. ती कॉलेजला परत गेली तोवर हाजरा मॅडमना जीपवाल्याकडून सगळं आधीच कळलं होतं. त्यांनी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं, दार लावलं आणि इतक्या चिडून बोलल्या की शेवटी त्यांचाच आवाज फुटला. शिकवलं ते जीव वाचवायला, जीव द्यायला नाही. बापाला अजून थोडा उशीर झाला असता तर? पुन्हा कधी असं करणार नाही म्हणून शब्द दे, असं त्या म्हणाल्या.

मंगलीनं शब्द दिला नाही. दुसरा रस्ता होता का, तेवढं सांगा मॅडम, असं ती म्हणाली.  मॅडमनी तिला आपला डबा खायला लावला आणि तासाला सोडलं. पण पुढच्या रविवारी त्या एस्टीनं जिवतीला आल्या, तिथून मंगलीबरोबर पायी मोहागुड्याला गेल्या आणि नव्या घरकुलाच्या प्रत्येक दारात उभं राहून, निखारे आत घेऊ नका, घेतले तर खिडकी उघडी ठेवा, एवढं सांगून आल्या.

भागीरथा त्या दिवशी बाहेर आली नाही. तिचं काय करावं ते मंगलीला कळत नव्हतं. बाकी बहुतेकांनी सोडलं तरी काकू करणीचं सोडत नव्हती. गुणाबाई वाटेत दिसली की ती रस्ता बदलायची. मंगली सुट्टीत आली की तिच्याजवळ जाऊन बसायची, कधी मोह वेचू लागायची, कधी तिच्याबरोबर पाणी भरायची, पण त्या गोष्टीचं नाव काढायची नाही. उन्हाळ्यात एकदा दोघी मोहाखाली टोपली भरत होत्या तेव्हा काकूच बोलली.

"तू म्हणतं का कोळशानं मेले."

मंगलीनं हो म्हटलं.

"घमेलं म्या नेलं आत," भागीरथा म्हणाली. "ते नाई म्हणत होते. म्या म्हटलं पोरगा गारठून राह्यला. खिडकीत बारदाना बी म्याच कोंबला. मंग तुह्यं खरं धरलं तं कोनी मारलं सांग ना?"

मंगलीच्या हातातली फुलं तशीच राहिली. एवढ्या महिन्यांत तिच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. ती गुणाबाईला सोडवायला धावली होती, आणि सोडवताना तिनं काकूच्या डोक्यावर काय ठेवलं ते तिनं पाहिलंच नव्हतं.

"तुले कोनी सांगतलं होतं का, काकू?" ती शेवटी म्हणाली. "घर देताना कोनी म्हणालं का, ह्याच्यात विस्तव नेऊ नका? नकाशा काढनाऱ्याले माहीत असते. बांधनाऱ्याले माहीत असते. त्याईनं भिंतीत दोन भोकं ठेवले असते तं काका आज असता. तू पोराले ऊब देत होती."

भागीरथा रडली नाही. तिनं टोपली उचलली आणि दोघी घरी आल्या.

दिवाळीनंतर थंडी पडायला लागली तेव्हा मंगली सुट्टीवर आली होती. दुपारी ठोकण्याचा आवाज ऐकून ती बाहेर आली. भागीरथा घराच्या भिंतीला शिडी लावून वर चढली होती आणि छिन्नी-हातोड्यानं स्लॅबच्या खालची वीट फोडत होती. खाली दसरू शिडी धरून उभा होता. गुणाबाई थोडी बाजूला, फुटलेले तुकडे गोळा करत होती. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण म्हातारी तिथं होती. नेमके त्याच वेळी ग्रामसेवक मोटारसायकलवरून आले. सरकारी घराला असं भोक पाडता येत नाही, असं ते गाडीवरूनच म्हणाले. वर रिपोर्ट करावा लागेल, पुढे कोणतीही योजना मिळणार नाही.

भागीरथानं हातोडा थांबवला.

"करा ना," ती वरूनच म्हणाली. "अन् हे बी लिहा का इथी दोन माणसं मेले होते."

 ग्रामसेवक थोडा वेळ गाडी चालू ठेवून तसेच थांबले. भागीरथानं त्यांच्याकडे पाठ केली आणि पुढच्या विटेला छिन्नी लावली.